फुटणारी गोळी, कोक आणि ‘मेलेला’ मायकी : एका अफवेचं प्रकरण

१९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या शाळाशाळांतून एक बातमी पसरत होती. टीव्हीवरच्या न्याहारीच्या धान्याच्या जाहिरातीतला तो गुबगुबीत मुलगा, मायकी, मेला म्हणे. त्याने ‘पॉप रॉक्स’ नावाच्या, तोंडात तडतडत फुटणाऱ्या गोळ्यांची पुडी तोंडात रिकामी केली, वरून कोक प्यायला, आणि त्याचं पोट फुटलं. सांगणारा बदलला की आकडा बदलायचा. कुणी एक पुडी म्हणे, कुणी सहा पुड्या आणि सहा कॅन. शेवट मात्र कधी बदलला नाही.

यातलं काहीही घडलेलं नव्हतं. मायकीचं काम करणारा मुलगा जॉन गिलख्रिस्ट जिवंत होता, पुढे मोठा झाला आणि नोकरीधंद्याला लागला. तरीही पुढची अनेक वर्षं ही गोष्ट मुलांच्या तोंडी राहिली. मुलांच्या खाऊबद्दल ज्या वावड्या उठतात त्यांत हे प्रकरण सर्वांत नीट तपासता येण्यासारखं आहे. गोळी कशी बनते त्याचं पेटंट उपलब्ध आहे, गॅसचा हिशेब कागदावर मांडता येतो आणि कंपनीने अफवा मोडायला काय केलं त्याचीही नोंद आहे. हिशेब पहिल्या दिवसापासून कंपनीच्या बाजूने होता आणि तरी अफवा हटली नाही. असं का झालं, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

गोळीत नेमकं असतं काय

विल्यम मिचेल हे जनरल फूड्स कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ. ‘टँग’ हे संत्र्याच्या चवीचं सरबत आणि ‘कूल व्हिप’ हे फेटलेल्या सायीसारखं क्रीम ही त्यांचीच कामं. १९५६ मध्ये ते झटपट सोडा करता येईल अशा पदार्थाच्या मागे होते. पाण्यात टाकलं की फसफसणारं पेय तयार व्हावं, असा बेत होता. साखरेत गॅस कोंडायच्या त्या खटपटीतून ही फुटणारी गोळी निघाली. मिचेल आणि लिऑन क्रेम्झनर यांच्या नावावर तिचं पेटंट १९६१ च्या डिसेंबरात नोंदलं गेलं. गोळी बाजारात यायला मात्र सत्तरच्या दशकाचा मध्य उजाडला.

कृती ऐकायला सोपी आहे. साखर, कॉर्न सिरप आणि लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर पाण्यात विरघळवून उकळतात. पाण्याचा अंश दोन-तीन टक्क्यांवर येईपर्यंत आटवतात. तोवर पाकाचं तापमान १५० अंश सेल्सियसच्या आसपास जातं. थंड पाण्यात टाकला तर कट् करून मोडेल असा, चिक्कीच्याही पुढचा कडक पाक. रंग आणि स्वाद घालून हा गरम पाक बंद दाबपात्रात घेतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात. दाब चौरस इंचाला ६०० पौंडांच्या आसपास, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या चाळीस पट. त्या दाबाखाली पाक जोरात घुसळला की त्यात गॅसचे बारीक बुडबुडे पसरतात.

खरी मेख पुढच्या टप्प्यात आहे. दाब तसाच ठेवून पाक थंड करायचा, साधारण २० अंशांपर्यंत. थंड होताना साखर स्फटिक न बनता काचेसारखी गोठते आणि बुडबुडे जिथल्या तिथे, चाळीस पट दाबासकट, अडकून पडतात. मग पात्राचा दाब सोडला की आतल्या बुडबुड्यांचा रेटा त्या साखरकाचेला पेलत नाही आणि सगळी लादी तडकून तिचे खडे होतात. ज्या बुडबुड्यांच्या भिंती जाड असतात ते टिकतात. पुडीत येतात ते हे टिकलेले बुडबुडे.

जिभेवर खडा ठेवला की लाळेने भिंत पातळ होते, एका क्षणी ती हार मानते आणि बुडबुडा फुटतो. तोच तो ‘चट्’ आवाज. बुडबुडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो, पण तो दातांना आणि टाळूला लागून फुटतो. आवाज हवेतून कानापर्यंत जाण्याआधीच जबड्याच्या हाडातून आतल्या कानाला पोहोचतो. म्हणून खाणाऱ्याला तडतड मोठी वाटते आणि शेजारी बसलेल्याला जेमतेम ऐकू येते. अफवेचं बी इथे आहे. तोंडात एवढा धडाका होतो तर पोटात काय होईल, हा मुलांचा तर्क अगदी स्वाभाविक होता. फक्त आवाजाच्या मोठेपणावरून गॅसचं मोजमाप होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

करताना बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं, कारण त्याचा पुढे संबंध येतो. पाण्याचा अंश जास्त राहिला तर साखरकाच मऊ पडते आणि गॅस हळूहळू निसटतो. दाब सोडण्याआधी पाक पुरेसा थंड झाला नाही तर बुडबुडे फुगून वाया जातात. साठवणीत हवेतला दमटपणा लागला की वरचा थर चिकट होतो आणि पुडीतल्या पुडीत गोळी मरते. म्हणून ती अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्याच्या बंद पुडीत येते. मुंबईच्या जुलैत पुडी उघडून ठेवली तर थोड्याच वेळात खडे एकमेकांना चिकटून गप्प होतात. लॅक्टोज घालण्याचं एक कारण हेच, की ती साध्या साखरेपेक्षा कमी ओलावा धरते.

गॅसचा हिशेब

पेटंटानुसार एका ग्रॅम गोळीत अर्धा ते पंधरा मिलिलिटर गॅस मावतो. हे माप नेहमीच्या हवेच्या दाबाला धरून आहे. आपण वरची टोकाची मर्यादा धरू, म्हणजे अफवेला जास्तीत जास्त झुकतं माप मिळेल. आजची पुडी साडेनऊ ग्रॅमची. साडेनऊ गुणिले पंधरा, म्हणजे साधारण १४० मिलिलिटर. लहान वाटीभर गॅस, तोही सगळा पोटात गेला तर. प्रत्यक्षात बहुतेक गॅस तोंडातच सुटतो आणि नाका-तोंडावाटे बाहेर जातो, कारण खाणाऱ्याला ती तडतड जिभेवरच हवी असते.

आता कोकचा कॅन घ्या, अमेरिकेतला ३५५ मिलिलिटरचा. कोलाच्या पेयात त्याच्या आकारमानाच्या साडेतीन ते चार पट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. म्हणजे एका कॅनमध्ये सुमारे १,३०० मिलिलिटर. एका पुडीत कॅनच्या जेमतेम एक दशांश गॅस आहे, तोही पुडीला टोकाचा आकडा देऊन.

अफवेचं जे सर्वांत भीषण रूप फिरत होतं, सहा पुड्या आणि सहा कॅन, तेही याच मापाने मोजू. सहा पुड्यांचा गॅस सुमारे ८५० मिलिलिटर. सहा कॅनचा गॅस ७,८०० मिलिलिटर, आणि वर दोन लिटरहून जास्त द्रव. एकूण गॅसमध्ये गोळीचा वाटा दहा टक्क्यांच्या आत. धोका असलाच तर तो एका बैठकीत सहा कॅन रिचवण्यात होता. पण कोक रोजच्या ओळखीचा आणि गोळी नवी. आळ नव्यावर आला.

बरं, दोन्ही एकत्र आल्यावर काही वेगळी रासायनिक क्रिया होते का? होत नाही. गोळीतला गॅस कार्बन डायऑक्साइड, कोकमधलाही तोच. गोळीत ना खाण्याचा सोडा आहे, ना आम्ल आणि सोडा यांची जोडी. अडकलेला गॅस मोकळा होतो, एवढंच. कोकमध्ये खडे टाकले तर फेस जोरात येतो हे खरं, कारण खड्यांच्या खडबडीत पृष्ठभागावर आणि फुटणाऱ्या बुडबुड्यांवर पेयातला विरघळलेला गॅस पटकन जमून बाहेर पडतो. पण तो पेयातलाच गॅस, जो नाहीतरी सुटणार होता. घाईने सुटतो, वाढत नाही.

पोट काय करतं

मोठ्या माणसाचं जठर एक-दीड लिटरपर्यंत आरामात भरतं आणि ताणलं तर चार लिटरच्या आसपास जाऊ शकतं. लहान मुलाचं अर्थात याहून कमी. परंतु जठर हे तोंड बांधलेलं पोतं नाही. वर अन्ननलिकेच्या टोकाला स्नायूंची झडप असते. जठराचा वरचा भाग गॅसने ताणला की ती झडप आपोआप सैल होते आणि ढेकर येतो. ही शरीराची रोजची कामगिरी आहे. सोडा पिणारा प्रत्येक माणूस ती अनुभवतो. नुसत्या गोळ्यांच्या गॅसने चार लिटर भरायचे तर टोकाच्या आकड्यानेही अठ्ठावीस-तीस पुड्या लागतील, म्हणजे पाव किलोहून जास्त साखर, तीही तोंडात न फुटू देता गिळायची आणि मध्ये एकही ढेकर द्यायचा नाही.

जठर फुटण्याचे प्रसंग वैद्यकीय वाङ्मयात आहेत आणि ते लपवण्याचं कारण नाही. त्यांतले काही प्रसंग भरपेट जेवणानंतर अपचनासाठी खाण्याचा सोडा घेतल्यावर घडले. तिथे परिस्थिती निराळी असते. सोडियम बायकार्बोनेट जठरातल्या आम्लाशी क्रिया करून नवा गॅस तयार करतं, आणि पोट आधीच अन्नाने ठासून भरलेलं असल्याने झडपेचं काम बिघडलेलं असतं. फुटणाऱ्या गोळीत बायकार्बोनेट नाही. त्या प्रसंगांची भीती इथे आणून जोडणं चूक आहे.

मायकीच का

‘लाइफ’ नावाचं न्याहारीचं धान्य क्वेकर ओट्स कंपनी विकते. त्याची एक जाहिरात १९७२ मध्ये सुरू झाली. दोन भाऊ ते नवं धान्य चाखायला तयार नसतात, धाकट्याच्या पुढे वाडगा सरकवतात, कारण त्याला काहीच आवडत नाही, आणि तो मटामट खाऊ लागतो. ही जाहिरात दहा वर्षांहून जास्त काळ दाखवली गेली. अमेरिकेतलं प्रत्येक मूल मायकीला ओळखायचं. त्याचं काम करणाऱ्या मुलाचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

अफवेला याहून सोयीचा माणूस मिळणं कठीण. चेहरा घराघरात माहीत, पण पत्ता कुणाकडे नाही. ‘आमच्या गल्लीतला अमुक’ म्हटलं तर कुणीतरी जाऊन बघून येईल, आणि ‘कुठलासा मुलगा’ म्हटलं तर ऐकणारा हसेल. मायकी या दोन्हींच्या बरोबर मध्ये बसतो. शिवाय जाहिरातीत तो वर्षानुवर्षं चार वर्षांचाच राहिला. वाढताना तो कुणाला दिसलाच नाही, तेव्हा त्याचं काहीतरी झालं असणार, ही शंका मुलांच्या मनात सहज बसली. त्यात जाहिरातीचा विषयच असा, की मोठी भावंडं नवा पदार्थ स्वतः न खाता धाकट्याला खायला लावतात. तोच मुलगा दुसरा एक नवा पदार्थ खाऊन मेला, हे गोष्ट म्हणून अगदी चपखल जुळतं. गोळी जनरल फूड्सची आणि धान्य क्वेकरचं, या दोन वेगळ्या कंपन्या. अफवेने ही अडचण मानलीच नाही.

साधी शंका अशी होती : मुलगा मेला असता तर कंपनीने त्याचीच जाहिरात रोज दाखवली असती का? तो पुरावा दिवाणखान्यात रोज समोर येत होता. पण पुरावा म्हणून त्याच्याकडे बघायला कुणीतरी बोट दाखवावं लागतं, आणि कंपनीच्या खुलाशांचा सगळा भर गोळीवर होता.

कंपनीने काय केलं

१९७९ मध्ये जनरल फूड्सने जोर लावला. ४५ मोठ्या नियतकालिकांत पानभर जाहिराती दिल्या. देशभरातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना सुमारे ५०,००० पत्रं पाठवली. मिचेल यांना गावोगावी पाठवून लोकांपुढे बोलायला लावलं, की या गोळीतून सोड्याच्या अर्ध्या कॅनपेक्षा कमी गॅस निघतो आणि झालाच तर एक दणदणीत ढेकर येतो. सिअ‍ॅटलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पालकांसाठी खास दूरध्वनी ठेवला. तिथे आश्वासन दिलं जायचं ते मुलं गुदमरणार नाहीत याचं. पालकांची धास्ती पोट फुटण्यापुरती नव्हती, हे त्यावरून दिसतं.

याच गोळीचा भुकटीसारखा बारीक प्रकार कंपनीने ‘स्पेस डस्ट’ नावाने काढला होता. त्या काळी ‘एंजल डस्ट’ नावाचं अमली द्रव्य चर्चेत होतं. दोन्ही नावं इतकी जवळची, की पालकांनी हरकत घेतली आणि कंपनीने नाव बदलून ‘कॉस्मिक कँडी’ केलं. हे काम झटपट आणि बिनबोभाट झालं, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातलं हे सर्वांत शहाणपणाचं पाऊल होतं. शंका जिथून उगवत होती तीच जागा बदलली, खुलाशांचा पाऊस पाडला नाही.

पत्रांबद्दल मत वेगळं आहे. अफवा फिरत होती मुलांच्या घोळक्यात, डबा खाण्याच्या सुट्टीत आणि शाळेच्या बसमध्ये. उत्तर गेलं मुख्याध्यापकांच्या टेबलावर. तिथून ते मुलांपर्यंत पोहोचलं तर सूचना बनून पोहोचणार, आणि मोठ्यांनी गंभीर चेहऱ्याने ‘त्यात काही तथ्य नाही’ म्हटलं की मुलांना काय वाटतं ते शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. ज्या शाळेत ही गोष्ट पोहोचलीच नव्हती तिथे तर ती पत्रानेच नेऊन पोहोचवली. पानभर जाहिरातीचंही तसंच. एवढा खर्च करून नाकारतात म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं वाचणाऱ्याला वाटू लागतं.

कंपनीपुढे ताजं उदाहरण होतं. १९७७ मध्ये न्यूयॉर्क परिसरात ‘बबल यम’ या नव्या मऊ बबलगमबद्दल मुलांमध्ये उठलं, की त्यात कोळ्याची अंडी असतात म्हणून ते मऊ लागतं. तिथेही आधार खऱ्या अनुभवाचा होता. तोवरचे बबलगम दगडासारखे कडक, दातांनी बराच वेळ चावून मऊ करायचे. हा पहिल्याच घासाला मऊ कसा? उत्तर माहीत नसलं की मुलं उत्तर तयार करतात. तो गम बनवणाऱ्या लाइफ सेव्हर्स कंपनीने तिथल्या तीसेक वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, तुमच्या मुलांना कुणीतरी एका चांगल्या गमबद्दल फार वाईट खोटं सांगतंय, अशा अर्थाच्या. गम टिकला आणि चांगला खपला. फरक असा, की ती अफवा एका शहराच्या परिसरात, सुरुवातीलाच गाठली गेली. पॉप रॉक्सची गोष्ट जाहिराती छापल्या गेल्या तोवर देशभर झाली होती.

नुसता नकार का लागू पडत नाही, यावर १९८१ मध्ये एक नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला. मॅकडोनाल्ड्सच्या हॅम्बर्गरमध्ये गांडुळाचं मांस असतं, ही तेव्हाची दुसरी गाजलेली वावडी. प्रयोगात लोकांच्या कानावर ती घातली आणि मग वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी उत्तरं दिली. ‘हे खोटं आहे’ असं पुराव्यासह सांगितलेल्या गटाचं मत अफवा ऐकून गप्प राहिलेल्या गटाइतकंच वाईट राहिलं. दोन उपाय चालले. एका गटाला सांगितलं, की एका उंची फ्रेंच उपाहारगृहात गांडुळांचा रस्सा मिळतो. गांडुळाची आठवण मॅकडोनाल्ड्सऐवजी तिकडे जोडली गेली. दुसऱ्या गटाला त्यांच्या नेहमीच्या मॅकडोनाल्ड्सबद्दल प्रश्न विचारले, कितीदा जाता, कुठे आहे, बसायला जागा असते का. आपल्या ओळखीच्या दुकानाची आठवण जागी झाली आणि गांडूळ मागे पडलं.

हे पॉप रॉक्सला लावून बघा. कंपनीच्या हाती उत्तम वाक्य होतं, सोड्याच्या अर्ध्या कॅनपेक्षा कमी गॅस. त्यात मृत्यू नाही, मायकी नाही, नकार नाही. गॅस ही कल्पना भीतीतून काढून रोजच्या सोड्याकडे नेण्याची ताकद त्यात होती. ते वाक्य पुडीवर, मुलांच्या डोळ्यांसमोर छापायला हवं होतं, बुडबुडा कसा अडकतो त्याच्या चित्रासकट. मुलं पुडीवरचं अक्षरन्‌अक्षर वाचतात. मुख्याध्यापक पुडी वाचत नाहीत.

१९८३ मध्ये जनरल फूड्सने गोळी बाजारातून काढून घेतली. लाट ओसरली होती आणि माल फार काळ टिकत नव्हता. पण बंद झाली याचा अर्थ मुलांनी एकच लावला, की बंदी आली. १९८५ मध्ये हक्क क्राफ्ट या खाद्यपदार्थांच्या कंपनीकडे गेले आणि तीच गोळी ‘अ‍ॅक्शन कँडी’ नावाने पुन्हा आली. आज पॉप रॉक्स बार्सिलोनाची झेटा एस्पासियाल ही कंपनी बनवते, आणि आपल्याकडेही फुटणारी गोळी केकवर भुरभुरायला आणि आइस्क्रीममध्ये सर्रास वापरली जाते.

आपल्याकडचा अवतार

हीच गोष्ट भारतात निराळ्या वेषात आली. आधी ईमेलवर आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर : कोक किंवा पेप्सी प्यायल्यावर मेंटॉस वा पोलो खाऊ नका, ब्राझीलमध्ये एक मुलगा मेला, दोन्ही मिसळून सायनाइड तयार होतं. महाराष्ट्रातल्या पालकांच्या गटांत हा संदेश अजूनही अधूनमधून डोकं वर काढतो. गोळी, कोला आणि दूरच्या देशातला मुलगा, सगळं जुनंच. बदल एवढाच, की मायकीची जागा बिननावाच्या मुलाने घेतली आणि पोट फुटण्याऐवजी विष आलं.

मेंटॉसचा कोकमधला फवारा खरा आहे आणि तो पूर्णपणे भौतिक आहे. गोळीच्या वरच्या लेपात सूक्ष्म खाचखळगे असतात, प्रत्येक खळग्यात बुडबुडा धरतो. गोळी जड असल्याने सरळ तळाशी जाते, त्यामुळे बुडबुडे पूर्ण उंचीभर चढत जाऊन वाटेत आणखी गॅस गोळा करतात. लेपातला डिंक पेयाचा पृष्ठताण कमी करतो. सायनाइड तयार होण्याची कुठलीही वाट साखर, पुदिना, डिंक, फॉस्फोरिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या मिश्रणात नाही. आणि पोटात फवाराही उडत नाही. पिताना आणि गिळताना बराच गॅस आधीच सुटलेला असतो, आणि चघळलेल्या गोळीचा लेप तोवर विरघळलेला असतो.

असा संदेश गटात आला तर ‘फेक आहे’ एवढंच लिहून भागत नाही. संदेश पुन्हा चिकटवूही नये. दोन ओळी पुरतात : ‘कोलाच्या बाटलीत तिच्या साडेतीन-चार पट गॅस असतो. गोळीमुळे तो लवकर सुटतो, वाढत नाही. पोटात गेला तर ढेकर येतो.’

वर्गात करून दाखवायचं तर

सामान : पाव लिटरची सोड्याची बाटली, अर्ध्या लिटरच्या दोन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या, तीन सारखे फुगे, फुटणाऱ्या गोळीची एक ताजी पुडी, कोमट पाणी, कागदाचं नरसाळं.

फुगे आधी एकदा तोंडाने फुगवून सैल करून घ्या, नाहीतर ताणाला जोर लागतो आणि थोडा गॅस दिसतच नाही. दोन्ही रिकाम्या बाटल्यांत सुमारे ५० मिलिलिटर कोमट पाणी घ्या. एका फुग्यात नरसाळ्याने पूर्ण पुडी ओता, नरसाळं आणि फुग्याची मान कोरडी हवी; ओलसर मानेला खडे चिकटले की तिथेच फुटून जातात. फुगा बाटलीच्या तोंडावर बसवा आणि मग उभा करा, म्हणजे खडे पाण्यात पडतील. दुसऱ्या बाटलीवर रिकामा फुगा बसवा. ही दुसरी बाटली टाळू नये. कोमट पाण्याने बाटलीतली हवा तापते आणि फुगा थोडा वर येतो. तो गोळीचा गॅस समजला तर मोजमाप फसतं. दोन्हींत जो फरक दिसेल तेवढाच गोळीचा.

सोड्याची बाटली उघडताक्षणी तिसरा फुगा बसवा, मान बोटांनी धरा, बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून हलकेच गोल फिरवा. जोरात हलवली तर फुग्यात पेयच शिरतं. पहिल्या बाटलीवरचा फुगा पाच-सात मिनिटं तडतड ऐकवून जेमतेम मान वर करतो. सोड्याचा फुगा टम्म होतो. फुगा न लावता, झाकण घट्ट लावून हा प्रयोग कधीही करू नये. बंद बाटलीत दाब साचतो आणि झाकण डोळ्याकडे उडू शकतं.

मुलांकडून आधी अंदाज लिहून घ्यावा, कुठला फुगा मोठा होईल. आवाजामुळे बरीच मुलं गोळीचं नाव लिहितील.

जपायचं कशाला

फुटणाऱ्या गोळीत खरी काळजी तीन गोष्टींची. चार वर्षांखालच्या मुलाला कुठलीही कडक गोळी किंवा खडे देऊ नयेत, कारण तडतडीने दचकून मूल श्वास आत ओढतं आणि खडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. लॅक्टोज न पचणाऱ्या मुलाने पुडीमागची यादी वाचून ठरवावं. आणि ही जवळजवळ सगळी साखरच आहे, त्यामुळे मधुमेह असलेल्या मुलाच्या हिशेबात ती धरावी.

गम गिळला तर आतडी चिकटतात, या आपल्याकडच्या जुन्या धाकालाही मापाने उत्तर द्यावं. एखादा गम चुकून गिळला तर तो न पचता काही दिवसांत शौचावाटे निघून जातो. मात्र १९९८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन मुलांची नोंद केली, ज्यांच्या पचनमार्गात गमचा गोळा अडकला होता. त्यांतलं साडेचार वर्षांचं एक मूल रोज पाच-सात गम चघळून गिळायचं, आणि त्याला दोन वर्षं बद्धकोष्ठाचा त्रास होता. तेव्हा मुलाने एकदा गम गिळला म्हणून रात्री दवाखाना गाठायची गरज नाही. रोज गिळण्याची सवय असेल आणि पोट साफ होत नसेल, तर डॉक्टरांना गमबद्दल आवर्जून सांगावं, कारण ते आपणहून विचारतीलच असं नाही.